वाढवण बंदराच्या भरवशावर कारंज्यात गोदाम बांधावं का?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कारंजा लाड तालुक्यात तुमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, तीनशेवर सभासद. माल मुख्यतः सोयाबीन आणि तूर, थोडा कापूस. गावच्या सभेत सांगितलं गेलं की डहाणूजवळ वाढवणला मोठं बंदर होतंय, समृद्धी महामार्ग तुमच्या तालुक्यातूनच जातो, तेव्हा उद्या विदर्भाचा माल थेट जहाजात चढेल आणि कास्तकाराला दुप्पट भाव मिळेल. त्या भरवशावर संचालक मंडळ निर्यातीसाठी मोठं गोदाम आणि पॅकहाऊस बांधायला कर्ज काढायच्या बेतात आहे. दुसरीकडे तुमची मावशी पालघर जिल्ह्यात शिक्षिका आहे आणि ती सांगते की तिथले मच्छीमार आणि आदिवासी या बंदराविरुद्ध वर्षानुवर्षं उभे आहेत. तुम्ही विचारलंत की बंदराने आपल्याला नेमकं काय मिळणार, त्यापायी कोणाचं काय जाणार, आणि कर्ज काढायचं की नाही.

मी मूळचा दारव्ह्याकडचा. वीसेक वर्षांपासून नागपुरात कस्टम क्लिअरिंगचं आणि कंटेनर वाहतुकीचं काम करतो. रुईच्या गाठी, सोयाबीनची ढेप, तांदूळ, संत्री, सगळं हाताखालून गेलंय. तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर माल कोणता, तो कोणत्या देशात जाणार आणि त्या महिन्यात दिल्लीचं आयात-निर्यात धोरण काय, यावर ठरतं. कर्जाबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. गोदाम हवं असेल तर जरूर बांधा, पण बंदराच्या भरवशावर बांधू नका.

आधी वाढवणबद्दल. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पायाभरणी झाली. खर्च ७६,२२० कोटी. त्यात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाचा २६ टक्के. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालून हे बंदर उभं राहणार. पूर्ण झाल्यावर वर्षाला २ कोटी ३२ लाख कंटेनर (वीस फुटी मापाने) हाताळण्याची क्षमता धरली आहे. तुलनेसाठी, उरणजवळचं न्हावा शेवा, म्हणजे आपण ज्याला जेएनपीटी म्हणतो, त्याने २०२४-२५ मध्ये ७३ लाखांच्या आसपास कंटेनर हाताळले. वाढवणची जागा निवडली ती तिथल्या वीसेक मीटर नैसर्गिक खोलीसाठी. जगातली सगळ्यात मोठी कंटेनर जहाजं न्हावा शेव्याला पूर्ण भरून येऊ शकत नाहीत. त्यामुळे भारताचा बराच माल कोलंबो, सिंगापूर किंवा दुबईच्या जेबेल अलीला जाऊन तिथे जहाज बदलतो. वाढवणला मोठं जहाज थेट लागलं तर हा फेरा वाचेल, दिवस वाचतील, भाडंही काहीसं उतरेल. पहिला टप्पा या दशकाच्या अखेरीस सुरू करायचा बेत आहे.

हा फायदा खरा आहे. तो तुमच्या वावरापर्यंत पोचताना किती उरतो ते आता पाहू.

कारंज्याहून न्हावा शेवा काय आणि वाढवण काय, अंतरात फार फरक पडत नाही. दोन्हीकडे समृद्धीनेच इगतपुरीपर्यंत जायचं. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. वाढवणहून समृद्धीवरच्या भरवीरला जोडणारा वेगळा रस्ताही राज्याने मंजूर केलाय. तो झाला की ट्रकला मुंबईच्या गर्दीत शिरावं लागणार नाही, आणि ट्रकवाल्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. रेल्वेचं मात्र वेगळं आहे. सभेत ज्या मालवाहतूक कॉरिडॉरचं नाव घेतात, तो पश्चिम कॉरिडॉर न्हावा शेव्याहून गुजरात, राजस्थानमार्गे दिल्लीजवळ दादरीला जातो. विदर्भाला तो शिवत नाही. आपली गाडी भुसावळ, नाशिकमार्गे कसाऱ्याचा घाट उतरूनच जाते. ३७ फुटांना एक फूट असा तो चढ आहे, येताना मागून जादा इंजिनं लावावी लागतात. जळगावहून उधन्याकडे जाणारा तापीच्या खोऱ्यातला मार्ग घाट टाळतो आणि वाढवणच्या जागेला तो सोयीचा पडेल. माझ्या मते विदर्भाच्या लोकप्रतिनिधींनी रस्त्यापेक्षा याच मार्गावर मालगाड्यांना जागा मागायला हवी.

आता पैशांचा हिशेब. चाळीस फुटी कंटेनरात साधारण सव्वीस टन माल बसतो, म्हणजे २६० क्विंटल. समजा नवं बंदर, नवा रस्ता, थेट जहाज या सगळ्यामुळे एका कंटेनरमागे दहा हजार रुपये वाचले. क्विंटलला पडतात अडतीस रुपये. त्यातही शिपिंग लाइन, निर्यातदार, सोयाबीनचं तेल आणि ढेप काढणारा सॉल्व्हंट प्लांट, अडत्या अशी उतरंड आहे, प्रत्येकजण आपला हिस्सा ठेवणार. हर्रासात, म्हणजे बाजार समितीच्या लिलावात, तुमच्या ढिगाला बोली लागते तेव्हा त्यातले दहा-पंधरा रुपये दिसले तरी खूप झालं. दुप्पट भावाची गोष्ट कुठून आली, मला समजत नाही.

याच्या शेजारी दुसरा हिशेब ठेवतो. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणून, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. म्हणजे आपली पऱ्हाटी फुटायच्या आणि वेचणीच्या ऐन दिवसांत. खंडीला, म्हणजे ३५६ किलो रुईला, पंचावन्न हजार धरले तर ११ टक्के म्हणजे सहा हजार. एका क्विंटल कापसातून चौतीस किलोच्या आसपास रुई निघते, तेव्हा खंडीला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. सहा हजार भागिले साडेदहा करा. क्विंटलमागे पावणेसहाशे रुपये. हा सगळा फरक जसाच्या तसा कास्तकाराच्या भावात उतरतो असं नाही, सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळाची) खरेदी, सरकीचा भाव, रुपया-डॉलर यांचाही त्यात हात असतो. पण अडतीस आणि पावणेसहाशे हे आकडे एका कागदावर लिहून संचालक मंडळापुढे ठेवा. बंदर किती मोठं यापेक्षा त्या बंदरातून कोणत्या शुल्काने काय आत येतं, याने तुमचा भाव कितीतरी जास्त हलतो.

बंदर हे दार आहे आणि ते दोन्ही बाजूंनी उघडतं. सभेत फक्त बाहेर जाणाऱ्या मालाची बाजू सांगितली जाते. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं, तुम्हाला आठवत असेल. त्या ऑगस्टमध्ये केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन ढेप आयात करायला परवानगी दिली. ती आधी ज्या दोन ठिकाणांहून आत येऊ दिली त्यातलं एक न्हावा शेवा होतं, दुसरं बांगलादेश सीमेवरचं बंगालमधलं पेट्रापोल. आपलं नवं सोयाबीन बाजारात आलं तोवर भाव कुठे होता हे कारंज्याच्या प्रत्येक कास्तकाराला पाठ आहे. तुरीचंही तसंच. मोझांबिक, म्यानमार, टांझानियाची तूर शुल्काविना येते आणि ती समुद्रानेच येते. खाद्यतेल घ्या. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरचं शुल्क साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं, मे २०२५ मध्ये ते साडेसोळावर आणलं. प्रत्येक बदलाचा पहिला परिणाम बंदरावरच्या टाक्यांमध्ये दिसतो आणि नंतर लातूर-अकोल्याच्या प्लांटच्या खरेदी दरात.

म्हणून आयात वाईट, असं मी म्हणणार नाही. पोटॅशची एकही गोणी या देशात व्यापारी प्रमाणावर निघत नाही, सगळं पोटॅश जहाजानेच येतं. डीएपीचं तेच, तयार खत नाही तर त्याचा कच्चा माल बाहेरून येतो. आपल्याकडे रेकपॉइंटवर, म्हणजे मालगाडी रिकामी करायच्या स्टेशनावर, खताची गाडी उशिरा लागते तेव्हा कित्येकदा कारण कुठल्यातरी बंदरावर जहाज थांबलेलं असतं. अकोल्याच्या दाल मिलमध्ये बाहेरची तूरही भरडली जाते, त्यावर तिथल्या हमालांची, मजुरांची चूल चालते. त्यामुळे विदर्भाला बंदर हवं की नको हा प्रश्न असा सरसकट सुटत नाही. तुम्ही पिकवणारे आहात की भरडणारे, विकणारे आहात की खत घेणारे, त्यावर उत्तर बदलतं, आणि तुमच्या कंपनीत हे सगळे एकाच घरात असू शकतात.

जुनी गोष्टही इथे सांगावीशी वाटते, कारण ती तुमच्याच गावाची आहे. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला रेल्वे कापसासाठीच टाकलेली. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीचा तो कारभार. त्याआधी १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवीत तिकडचा कापूस अडला तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला मुंबई बंदरात सोन्याचा भाव आला होता. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा नेला तो तिथल्या कापूस बाजारासाठी, उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. म्हणजे आपण बंदराशी दीडशे वर्षांपूर्वीच जोडले गेलो. कारंज्यात व्यापाऱ्यांच्या पेढ्या उभ्या राहिल्या, सूत आणि कापड मँचेस्टरला झालं. जोडणी चांगली असूनही मोल कुठे राहिलं, हे त्यातून दिसतं. आज कच्ची रुई न्हावा शेव्याहून बांगलादेशात जाते आणि तिथून कपडे होऊन जगभर विकले जातात, तेव्हा मला दारव्ह्याच्या स्टेशनाची आठवण होते आणि वाईट वाटतं. विदर्भात सूतगिरण्या आणि कापड उद्योग टिकले असते तर याच बंदराचा फायदा आपल्याला कितीतरी पटीने झाला असता.

आता थोडं आमच्या कामाबद्दल, कारण निर्यातीत पैसा नेमका कुठे मिळतो किंवा बुडतो ते तिथे कळतं.

आमची पहिली अडचण असते रिकामा कंटेनर. नागपूर भागात कंटेनरमधून येणारा माल कमी आणि जाणारा जास्त, त्यामुळे हंगामात रिकामे डबे न्हावा शेव्याहून वर आणावे लागतात आणि तो खर्च माल पाठवणाऱ्याच्या डोक्यावर बसतो. मिहानच्या किंवा बोरखेडीच्या डेपोत कंटेनर मिळाला की आम्ही तो तसाच भरत नाही. आपला माणूस आत शिरतो, बाहेरून दोन्ही दारं लावून घेतो. डोळे अंधाराला सरावले की छत, कोपरे, दाराचं रबर निरखून पाहायचं. सुईच्या टोकाएवढा जरी उजेड दिसला तरी तो कंटेनर परत, कारण जिथून उजेड येतो तिथून पाणी येतं. मग तळाच्या फळीवरून हात फिरवायचा, तेलाचा डाग किंवा ओल लागते का बघायचं. शेवटी वास घ्यायचा. आधी त्यात कातडी किंवा रसायन गेलं असेल तर ढेप तो वास धरून ठेवते आणि पलीकडचा खरेदीदार माल उचलत नाही.

माल पुरेसा कोरडा नसेल तर ही सगळी तपासणी वाया जाते. दिवसा कंटेनर तापतो, रात्री समुद्रावर छत गार पडतं, आतली वाफ छताला लागून थेंब थेंब मालावर पडते. याला आम्ही कंटेनरला घाम फुटला म्हणतो. वरचे कट्टे बुरशी धरतात आणि तो वाद मग महिनोन्‌महिने चालतो. हमीभावासाठी सोयाबीनला १२ टक्के ओलावा ठरलेला आहे, पण खळ्यावरून आलेल्या मालात तो पंधरा-अठरापर्यंत जातो. ओलावा, माती, काडी यामुळे बाजार समितीत भाव तुटतो तो क्विंटलला शे-दोनशे रुपयांनी. बंदरातून वाचणारे अडतीस रुपये मिळवायला निघालेला माणूस हे दोनशे आपल्याच खळ्यावर सोडून जातो.

वरुड-मोर्शीकडचे बागायतदारही मला बंदराबद्दल विचारतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. नागपुरी संत्र्याची साल सैल, फळ नाजूक. रीफर म्हणजे थंड कंटेनरात सहा-सात अंशावर ठेवून आखातापर्यंत ते समुद्राने जातं, पण त्यासाठी तोडणीनंतर लगेच थंड करणं, मेण लावणं, पेटीत बसवणं हे सगळं जमायला हवं. आपल्या संत्र्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बांगलादेश होतं, आणि ते फळ ट्रकने बंगालच्या सीमेवरून जात असे. बांगलादेशाने किलोमागे शुल्क २०१९ च्या सुमारास वीस रुपयांवर आणि २०२३ मध्ये अठ्ठ्याऐंशीवर नेलं, तेव्हा तो बाजार कोसळला. वाढवणचं बंदर त्या सीमेवर काही करू शकत नाही. गोंदिया-भंडाऱ्याच्या तांदळालाही पश्चिमेपेक्षा काकीनाडा आणि विशाखापट्टणम सोयीचं. विदर्भ देशाच्या मध्यावर आहे, आपल्याला दोन्ही किनारे सारखेच लांब, हे लक्षात ठेवून बोललेलं बरं.

आता तुमच्या मावशीचा मुद्दा. मला तो तितकाच महत्त्वाचा वाटतो.

डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये तिथे डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं. त्याचे अध्यक्ष न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी, दादा धर्माधिकारींचे चिरंजीव, नागपुरात वकिली केलेले, आपल्याकडचे. १९९८ मध्ये याच वाढवणला बंदर करायचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांच्या प्राधिकरणाने तो नाकारला. नाजूक भागात असं बंदर बसत नाही, ही त्यांची भूमिका होती. २०१९ मध्ये ते गेले. ३१ जुलै २०२३ ला प्राधिकरणाने अटी घालून नव्या प्रस्तावाला संमती दिली. एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि लढा सर्वोच्च न्यायालयात गेला.

समुद्रात भराव घालतात म्हणून गाव हलवावं लागत नाही, असा युक्तिवाद सरकार करतं. जमिनीपुरता तो बराचसा खरा आहे, रस्ता आणि रेल्वेसाठी लागणारी जागा सोडली तर. पण मच्छीमाराचं वावर पाण्यातच असतं. तिथला खडकाळ किनारा भरती-ओहोटीत उघडा-झाकला होतो, त्याच्या कपारींत मासळीची पिल्लं वाढतात, शेवंड मिळते. पापलेट, जे २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून जाहीर झालं, त्याच्यासाठी सातपाटीपासून डहाणूपर्यंतचा हा पट्टा नावाजलेला. दहा किलोमीटरहून लांब लाटारोधक भिंत समुद्रात उभी राहिली की प्रवाह बदलतो, वाळू एकीकडे साचते आणि दुसरीकडचा किनारा खचतो. सातपाटीला समुद्राने आधीच जमीन खाल्ली आहे, तिथले लोक बंधाऱ्याच्या आडोशाला राहतात. भरावाला लागणारी वाळू दमणजवळच्या समुद्रतळातून काढायची, मुरूम पालघरच्या डोंगरांतून. डोंगर आदिवासींचे, आणि घोलवडचा चिकूही तिथलाच. आपल्या संत्र्यासारखंच त्यालाही भौगोलिक मानांकन आहे.

न्हावा शेव्याचा इतिहास त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. ते बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. त्याआधी, जानेवारी १९८४ मध्ये, जमिनीच्या मोबदल्यासाठी उरण-पनवेलचे शेतकरी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला उतरले तेव्हा गोळीबारात पाच जण गेले. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के परतावा त्या रक्तातून आला. बंदरासाठी उठवलेला शेवा कोळीवाडा उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून वसवला आणि तिथली घरं वाळवीने पोखरली. पुनर्वसनासाठी ते लोक दशकानुदशकं भांडत राहिले. विदर्भाने हे परकं समजू नये. गोसीखुर्दचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं, त्या धरणग्रस्तांचे मोर्चे आपण अजून पाहतो.

बंदराजवळ एक अपघात झाला तर किती दूरवर पोचतो हे मी ७ ऑगस्ट २०१० नंतर पाहिलं. मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर झाली, एक कलंडलं, शेकडो टन तेल सांडलं, कंटेनर समुद्रात पडले आणि काहींत कीटकनाशकं होती. मुंबई आणि न्हावा शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प. आमच्या गाठींचे कंटेनर वाटेत अडकले, खरेदीदारांचे फोन सुरू झाले. पण आमचा माल आठवड्याने का होईना गेला. उरण-अलिबागच्या खारफुटीवर तेलाचा थर बसला, लोकांनी मासे खाणं सोडलं, आणि कोळ्यांचा तो हंगाम परत आला नाही.

दुसरी बाजूही खरी आहे आणि ती सांगितली नाही तर उत्तर अर्धवट राहील. एक टन माल एक किलोमीटर न्यायला जहाजाला ट्रकच्या मानाने फारच थोडं इंधन लागतं, रेल्वे या दोघांच्या मध्ये. २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकावर अर्ध्या टक्क्याची जागतिक मर्यादा आली, तीही मोठी सुधारणा. थेट मोठं जहाज लागून कोलंबोचा फेरा वाचला तर धूरही वाचतो. पण बंदरापर्यंतचे सहाशे-सातशे किलोमीटर आपण ट्रकने जाणार असू तर तो धूर आपल्याच वाटेवर पडतो. समृद्धी कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याजवळून, काटेपूर्णाजवळून जातो. माल रेल्वेने न्यायचा आग्रह हा आपल्या हातातला भाग आहे. वर्ध्याजवळ सिंदी रेल्वेला लॉजिस्टिक पार्क होतंय, तिथून नियमित गाडी सुटली तर कारंजा-वाशीमच्या मालालाही उपयोग होईल.

माझी भूमिका विचाराल तर बंदर नको असं मी म्हणत नाही, माझं पोटच त्यावर आहे. पण मच्छीमारांचं नुकसान प्रकल्पाच्या खर्चात धरलेलं असावं, भरपाई भराव सुरू होण्याआधी हातात पडावी, आणि किनारा कुठे खचतो याचं मोजमाप त्यांच्या माणसांना सोबत घेऊन व्हावं. एवढं झाल्याशिवाय विदर्भाच्या कास्तकाराच्या नावाने या बंदराची बाजू कोणी मांडू नये, असं मला मनापासून वाटतं.

इथपर्यंतचा सारांश असा की बंदरामुळे वाहतुकीत क्विंटलमागे फार तर तीस-चाळीस रुपये वाचतील, आयात शुल्काने शेकड्यांत फरक पडतो, आणि खळ्यावरच्या ओलावा-मातीनेही शेकड्यांत. यातली शेवटची गोष्टच पूर्ण तुमच्या हातात आहे. आता कर्ज.

पॅकहाऊस फळ-भाजीपाल्यासाठी असतं, सोयाबीन-तुरीला त्याचा उपयोग नाही. तो भाग आराखड्यातून काढून टाका. त्याजागी चाळणी-प्रतवारीचं यंत्र, ड्रायर, ओलावा मोजायची दोन चांगली मीटरं आणि वजनकाटा धरा. गोदाम गरजेपुरतं बांधा आणि ते वखार विकास प्राधिकरणाकडे नोंदवण्याजोगं बांधा, म्हणजे पावतीवर बँक कर्ज देते. कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षं तीन टक्के व्याज सवलत आहे, तीत हे सगळं बसतं. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत सहा टक्क्यांनी उचल मिळते. सभासदाला दिवाळीला चुकारा हवा असतो म्हणून तो पडत्या भावात विकतो, ती अडचण यातून सुटते. हे गोदाम बंदर दहा वर्षं लांबलं तरी स्वतःच्या पायावर उभं राहील. कर्जाचा हप्ता याच हिशेबाने निघतो का ते तपासा, निर्यातीचा एक रुपयाही त्यात धरू नका.

निर्यातीचा रस्ता तरीही उघडा ठेवायचा असेल तर त्याला गोदामापेक्षा वही जास्त लागते. आपलं सोयाबीन जनुकीय बदलाविना पिकतं आणि युरोपात अशा ढेपेला गिऱ्हाईक आहे. युरोपीय संघाच्या जंगलतोडविरोधी नियमात सोयाबीन धरलंय. त्याचा अंमल पुढे ढकलत आणलाय, पण लागू झाला की माल कोणत्या वावरात पिकला त्याचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील. तीनशे सभासदांच्या शेतांच्या गटांची मोजणी मोबाइलवर एका उन्हाळ्यात होते, खर्च जवळपास नाही. वाण, पेरणी, फवारणी आणि गटनिहाय उत्पादन यांची नोंद दोन हंगाम नीट ठेवली, तो माल वेगळा साठवला, तर अकोला किंवा नागपूरकडच्या निर्यात करणाऱ्या प्लांटशी तुम्ही भावाच्या फरकाची गोष्ट बोलू शकता. स्वतः निर्यातदार व्हायची घाई करू नका. २०२३ अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, प्रवास दहा-बारा दिवसांनी वाढला. तो फटका मोठ्या प्लांटने झेलला, लहान कंपनी त्यात बुडाली असती.

पुढच्या बैठकीआधी गेल्या तीन हंगामांच्या हर्रासाच्या पावत्या काढा. प्रत्येक पावतीवर ओलावा आणि माती-काडीपोटी किती तोड झाली ते एका रकान्यात लिहा, सभासदांनी कोणत्या महिन्यात विकलं ते दुसऱ्या रकान्यात. त्या बेरजेवरून ड्रायर किती क्षमतेचा आणि गोदाम किती टनांचं ते ठरेल. बेरीज इथेच टाका, हप्त्याचा हिशेब मी मांडून देतो. आणि मावशींना एक विचारून कळवा की त्यांच्या शाळेतल्या मच्छीमार घरांना भरपाईबद्दल आजवर लेखी काही मिळालंय का. इथे पालघरचेही वाचक आहेत, ती माहिती त्यांच्या कामाची आहे.